नवे ब्रेक

निनादने सेकंडहँड घेतलेली ती जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप रोज चालवायची त्याची बायको, रेवती. अयोध्या नगरहून निघून लेकीला, अबोलीला शाळेत सोडायचं आणि तसंच पुढे साकेत नगरला, हॉस्पिटलात ड्यूटीवर जायचं. दोन-तीनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागत नव्हते. तिने कितीदा तरी सांगून पाहिलं. "जुनी गाडी अशीच असते, जरा सांभाळून चालवत जा," एवढं म्हणून तो शहरात कधीच न लागणाऱ्या फोर-व्हीलच्या गिअरला तेल देत बसायचा. परवा उतारावर पुढची सिटी बस अचानक थांबली. जीप तिच्या मागे हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. मागच्या सीटवर अबोली होती.

शनिवारी रेवती रिक्षाने घरी आली, तेव्हा जीप गॅरेजमधून परतली होती. तिने ती फाटकापर्यंत नेऊन पाहिली. पाय ठेवताच ब्रेक लागला. तिचे डोळे भरून आले.

"ऐकलंस एकदाचं माझं," ती म्हणाली.

"अगं, विकली ती," निनाद म्हणाला. "उद्या न्यायला येतायत. तशीच कशी देणार? त्यांच्या घरी लहान मुलं आहेत."