डोळ्याच्या पडद्यावर

आर्वीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टरनं थेंब टाकले आणि लगेच सुलोचनाचा फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव धूसर दिसत होतं, पण आवाज मुलाचा, रुपेशचा होता. ती बाकावरून उठून जिन्यापाशी गेली.

"आई, या कंपनीनंही नाई म्हटलं," रुपेश म्हणाला. दिवाळीपासून तो पुण्यात नोकरीवाचून होता. "बाबाले नको सांगजो."

"नाई सांगत. तू जेवत जाय वेळेवर."

ती बाकावर परतली तेव्हा शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, हरिदासनं विचारलं, "कोन होता?"

"रुपेश. मजेत आहे."

हरिदासनं समाधानानं मान हलवली. एसटीच्या वर्कशॉपमधून तो रिटायर झाला होता. त्याला बीपी आहे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सुलोचनाची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग दुसरा डोळा पाहिला. मग पुन्हा पहिला.

"काकू, बीपी किती वर्षांपासून आहे?"

"मले नाई बीपी. याइले आहे. बाहेर बसले ना, त्याइले."

"कधी मोजलंय?"

सुलोचना आठवू लागली. दर महिन्याला ती हरिदाससोबत तपासणीला जायची. आपला हात पुढं केल्याचं तिला आठवेना.

डॉक्टरांनी हरिदासला आत बोलावलं. तो आला तशी सुलोचना खुर्चीवरून उठली आणि तो तिथं बसला. कॉम्प्युटरवर तिच्या डोळ्याचा फोटो होता. नारिंगी पडदा, त्यावर पसरलेल्या लाल फांद्या.

"या काकूंच्या रक्तवाहिन्या," डॉक्टर म्हणाल्या. "भिंती जाड झाल्यात, आतली वाट अरुंद झालीय. ही वरची बघा, खालच्या शिरेला दाबून बसलीय. दाबानं भिंती जाड होतात, आणि वाट अरुंद झाली की दाब आणखी चढतो. हे एका दिवसात होत नाही. वर्षं जातात. आणि डोळ्यात असं आहे म्हणजे किडनी, हृदय, सगळं तपासावं लागेल."

हरिदास फोटोकडं पाहत राहिला.

"इले काऊन होईल?" तो म्हणाला. "आमच्या घरी टेन्शनच नाई, मॅडम. मी रिटायर झाल्यापासून एकही वाईट बातमी आली नाई घरात."

डॉक्टरांनी सुलोचनाकडं पाहिलं. ती पदरानं डोळे टिपत होती. थेंबांनी पाणी येतच होतं.

डॉक्टरांनी कपाटातून बीपीचं मशीन काढून टेबलावर ठेवलं. हरिदासनं बाहीचं बटण काढलं, बाही कोपरावर सारली आणि हात टेबलावर लांब केला.

"तुमचा नाही, काका. काकूंचा."

हात मागं घेऊन तो उठला, भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. बाही तशीच वर होती.

सुलोचना खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"रुपेशची नोकरी गेली," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

"मोजताना बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

पट्टा आवळत गेला.