गाठीतली गोळी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिरा आणि दामू घिवलीच्या वाळूवर चालायला लागले. सन चौऱ्याऐंशी, डिसेंबरची अकरा तारीख. चालण्याचा चाळिसावा दिवस. आज पहिल्यांदाच अणुवीज केंद्राच्या तारेच्या कुंपणापर्यंत जाऊन परत यायचं होतं.

निघण्याआधी दामूनं घड्याळ काढलं आणि हिराच्या मनगटावर बोटं ठेवली.

"अवो, दुखणं तुमचं नि नाडी माजी?"

"हात बसायला पायजे. तुजी मोजली की माजी चुकत नाय."

मग त्यानं स्वतःचं मनगट धरलं आणि वहीत दोन आकडे लिहिले. हिराला वाचता येत नव्हतं. तिनं पदराची गाठ चाचपली. गाठीत कागदाच्या पुडीत दामूची गोळी होती. छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची. डॉक्टरांनी ती मुद्दाम हिराच्या हातात दिली होती. पुरुषमाणूस कुठंही विसरेल, बाई पदर विसरणार नाही, हे त्यांना ठाऊक असावं, असं तिला वाटलं होतं.

नवरात्राच्या सुरुवातीला एका सकाळी बोईसरच्या बाजारात डोक्यावरची मासळीची पाटी उतरवताना हिराला घाम फुटला होता. डावा हात जड झाला, पोटात ढवळलं. पित्त म्हणून तिनं तीन दिवस आल्याचा रस घेतला. चौथ्या दिवशी दामूनं तिला जबरदस्तीनं बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि दामूला आत बोलावलं. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"तुजं पित्तच हाय," तो म्हणाला. "पण डॉक्टरनं माजी पण पट्टी काढली. हृदय माजं बिघडलंय."

हिराच्या मनात आलं, आपलं पोट ढवळलं नसतं तर हा माणूस असाच दर्यात गेला असता आणि एक दिवस धाकट्या भावानं, कमलाकांतनं, त्याला होडीत आडवा घालून आणला असता. तेव्हापासून ती रोज आपल्या पित्ताचे आभार मानायची.

डॉक्टरांनी मग दोघांना समोर बसवलं. आधी महिनाभर विश्रांती, मग रोज चालणं, आठवड्याला थोडं वाढवत. दोघांनी बरोबर. डोक्यावर पाटी नाही, जेवणात सुकी मासळी नाही, मीठ बेताचं. सगळं ते हिराकडे बघूनच सांगत होते. घर कोण चालवतं ते डॉक्टरांना कळतं, असं तिला वाटलं.

दोघांच्या गोळ्या दामूच वाटायचा. तिला पित्ताच्या दोन, त्याला हृदयाची एक. होडी त्यानं कमलाकांतच्या हवाली केली होती. ऐन मोसमात दामू किनाऱ्यावर, याची गावात चर्चा होती.

आज वाटेत बांबूंवर बोंबील वाळत टाकता टाकता गोजराबाईनं हटकलं. "काय गो हिरे, साहेबीण झालीस? हात हलवत फिरतेस."

या वाळूवरून हिराला पाटीशिवाय चालताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"नवऱ्याचं हृदय सांभाळते, गोजराबाय. माज्यासाटी कोन फिरतंय?"

"आमच्या ह्यांना पण होऊ दे कायतरी. म्हंजे मी पण फिरीन."

हिरा हसली. दामू हसला नाही.

"पुढं सांग," तो म्हणाला. "त्या पापलेटवाल्या गिऱ्हाइकाचं काय झालं?"

हाही डॉक्टरांचाच नियम. बोलत चालायचं, बोलणं तुटलं की थांबायचं. दामू मुळात अबोल, म्हणून बोलायचं काम हिराकडे. ती गिऱ्हाइकाची नक्कल करत ऐन रंगात यायची, तिचा आवाज जरा फाटायचा, आणि नेमका तेव्हाच दामू छातीला हात लावून वाळूत बसायचा.

"थांब. दम लागला."

मग तीही बसायची. त्याच्या दुखण्यापायी आपल्यालाही विसावा मिळतो, याची तिला मनातून लाज वाटायची.

सहा पस्तीसला त्यांनी कुंपणाच्या तारेला हात लावला. हिरानं दर्याला हात जोडले. चाळीस दिवस. माणूस जागेवर होता. घरी गेल्यावर नारळ फोडायचा, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

परतताना गावाजवळ आल्यावर दामू एकदम थांबला. होडी खुंट्याला नव्हती. दोर सुटला होता आणि ओहोटीचं पाणी तिला खडकांकडे ओढत होतं. कमलाकांत बर्फ आणायला बोईसरला गेलेला.

"हितंच बस," दामू म्हणाला आणि धावला.

"अवो, नको!"

तो कमरेइतक्या पाण्यात शिरला, मग पोहू लागला. हिराला त्याचं फक्त डोकं दिसत होतं. खडकांपासून दहा हातांवर त्यानं दोराचं टोक पकडलं, खांद्यावर घेतलं आणि ओहोटीच्या उलट होडी किनाऱ्याकडे ओढायला लागला. दोन माणसांचं काम होतं ते.

हिरा उठली. पदराची गाठ मुठीत धरून ती पाण्याकडे पळत सुटली. चाळीस दिवसांचं राखलेलं एका होडीपायी जाणार होतं.

दामू गुडघाभर पाण्यात पोचला होता. त्यानं मान वर केली आणि ती दिसली.

"पळू नको, हिरे!"

ती थांबली नाही. दामूनं हातातला दोर सोडून दिला. होडी वळली आणि पुन्हा खडकांच्या वाटेला लागली. त्यानं मागं पाहिलंही नाही.

भिजल्या वाळूत दोघं समोरासमोर आली. हिराचा डावा हात दगडासारखा झाला होता. तिनं उजव्या हातानं, दातानं गाठ सोडली आणि गोळी त्याच्यापुढं धरली.

"तोंड... उघडा... जिभे..."

वाक्य तुटलं. ती खाली बसली.

दामूचा श्वास संथ चालला होता. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तिच्या तळहातावरची गोळी उचलली आणि तिच्या जिभेखाली ठेवली.