आपल्या पेठेचा गोल

गुडघ्याची पट्टी आवळत सुजय कोल्हापूरच्या मैदानात उतरला. उभी हयात परमुलखातल्या क्लबांकडून गोल मारण्यात गेली होती. जुन्या क्लबवर गोल मारला, की जल्लोष करायचा नाही, त्यांच्या प्रेक्षकांना हात जोडायचे, हा फुटबॉलवाल्यांचा रिवाज. सुजयनं इतके क्लब बदलले, की हल्ली कुठलाही गोल झाला तरी त्याचे हात आपसूक जुळत.

आज तो पहिल्यांदाच आपल्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळत होता. लहानपणापासूनचं स्वप्न ते. त्यानं डोक्यानं गोल मारला आणि अख्खी पेठ उसळली. सुजय मात्र मान खाली घालून, हात जोडून उभा.

"दादा, माफी कुणाची मागतोयस?" कॅप्टन ओरडला. "आपलाच गोल हाय की!"

सुजयनं अंगातल्या जर्सीचा रंग पाहिला आणि हात वर केले. ते अजून जोडलेलेच होते.