रिकामा डबा

“उद्या आपल्या मुलांना परदेशात कुणी रंग बघून घर नाकारलं, तर चालेल का आपल्याला?” वृंदाने सोसायटीच्या सभेत विचारलं. वरच्या मजल्यावरच्या सुदानी विद्यार्थ्याला, इद्रिसला, घराबाहेर काढायचा विषय तिथेच मिटला.

ती घरी येऊन पाणी पीत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात इद्रिस होता. दिवाळीत फराळ देताना तिने त्याला हसत सांगितलं होतं, “आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं.” तेव्हापासून ती काहीही पाठवो, तिचा डबा भरूनच परत यायचा. आज त्यात खजुराची बिस्किटं होती.

“सभेतलं कळलं. थँक्यू, ताई,” तो मराठीत म्हणाला. “आई करते तशी केलीत.”

सात वर्षांच्या रेवाने पुढे होऊन डबा घेतला. “आई, हा पण कामाच्या मावशींना द्यायचा ना?”

“काहीतरीच काय बोलतेस.”

“तूच म्हणतेस ना, या लोकांच्या हातचं आपण खायचं नाही.”

वृंदाने घाईघाईने एक बिस्किट उचलून तोंडात घातलं. ते तिला गिळवेना. इद्रिस बघत होता.

त्याने रेवाकडून डबा अलगद घेतला, उरलेली बिस्किटं आपल्या रुमालात काढली आणि डब्याला नीट झाकण लावलं.

“या वेळी रिकामाच घ्या, ताई.”