एकाहत्तर सेकंद

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सात वर्षांची मुलगी चाचणीच्या दहा पायऱ्या चढू लागली. तिच्या पेशींना स्वतःचा कचरा साफ करता येत नाही; तो मेंदूत साचतो, आणि शिकलेलं एकेक निसटत जातं. चालणं निसटू लागलं होतं, बोलणं आठ महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. गेल्या वेळी चव्वेचाळीस सेकंद लागले होते. आज त्याहून जास्त लागले, तर नवं औषध बंद होणार होतं.

ते औषध शोधणाऱ्या आणि तिला स्वतः टोचणाऱ्या शास्त्रज्ञबाई घड्याळ धरून वर उभ्या होत्या. चाचणी चालू असताना बोलायचं नाही, हात द्यायचा नाही, हा नियम त्यांनीच केलेला.

आठव्या पायरीवर मुलगी थांबली. तिने वर पाहिलं, कडेला सरकून बसली आणि शेजारची जागा थोपटली.

"सुईमावशी, दमलीस? बस ना."

खाली उभी असलेली आई एकदम रडायला आणि हसायला लागली. "बघा! घरी मला साधी हाक नाही, आणि टोचणाऱ्या बाईची विचारपूस!"

बाईंनी घड्याळ थांबवलं नाही. मुलगी वर पोचली तेव्हा एकाहत्तर सेकंद झाले होते. त्यांनी तेवढेच लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात मात्र घडलं ते सगळं उतरवलं.

औषध चालू ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीचा निर्णय अजून आलेला नाही. काल तिच्याकडून फक्त एक प्रश्न आला: "किती शब्द?"