लाल रेघ

मोफत उपचारांच्या यादीत हरेक आजाराला कोड होता. व्हेंटिलेटर लागणाऱ्या सर्पदंशाचाही लगेच सापडला. साप चावलेल्या लेकीला, दामिनीला, सडक अर्जुनीहून दवाखान्यात आणणाऱ्या गोवर्धनमामांना मी योजनेच्या खिडकीतून म्हटलं, “रेशनकार्ड आणा, मामाजी.” मेणकापडातून पिवळं कार्ड निघालं, दामिनीच्या नावावर लाल रेघ होती. “लगन झालं ना बाबू, मीच नाव कापून आणलं. तहसीलात तीन चकरा मारल्या. बाकीचे कुठं कापतेत? पोरीच्या नावाचं धान्य उचलतेत!” “आणि सासरच्या कार्डावर?” “पोट्टं झाल्यावर चढवू म्हणतेत.” तालुक्यातला एकमेव चोख माणूस नेमका माझ्याच खिडकीशी आला. नाव जुळल्याशिवाय मशीन लागणार नव्हतं. मामा बोटाला थुंकी लावून रेघ घासत राहिले. नर्सनं दारातूनच मला दामिनी गेल्याची खूण केली. मी कार्डाकडे हात नेला. “जरा थांब ना, बाबू,” मामा म्हणाले, “रेघ पुसून राहिली.”