आक्कांची व्यायामशाळा

गल्लीतली पोरं धामणकर नाक्यावर पाकीटमारी शिकू लागली, तेव्हा तुळजाआक्कांनी नवऱ्यामागे बंद पडलेली यंत्रमागाची शेड त्यांना व्यायामशाळेसाठी दिली. भिजवलेले हरभरे रोज स्वतःच्या हातानं वाटले. पोरं सुधारली, अंगानंही भरली.

पुतण्या भाविकला ती शेड आणि आक्कांचं घर पाडून बिल्डिंग उभारायची होती. "आक्के, गुमान घर सोड," तो धमकावायचा.

"माझी पोरं हायेत इथं. हात लावून तर बघ!" आक्का सुनावायच्या.

आज सकाळी त्याच पोरांनी आक्कांना खाटेसकट उचलून रस्त्यावर आणून ठेवलं.

"कुमार, हेच शिकलास का रे माझ्याकडं?"

कुमारनं हळूच त्यांचा पदर सारखा केला.



"चोरी सोडली ती सोडलीच, आक्का. ही तर भाविकशेठनं दिलेली नोकरी हाय."